स्नो डे: शाळा बंद, दोघांचंही ऑफिस चालू, मग दिवस कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये पुण्याहून मध्य न्यू जर्सीत आलेलं कुटुंब. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. दोघेही घरून काम करतात. नवऱ्याची टीम पुण्यात, बायकोचा क्लायंट कॅलिफोर्नियात. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. पहिल्या स्नो डेला पहाटे शाळेचा फोन आला. मग दिवसभर टीव्ही चालू, मुलं चार वेळा बाहेर जाऊन चारही वेळा ओलीचिंब होऊन परत, दोघांच्या मीटिंगांचा बोजवारा आणि रात्री घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. या आठवड्यात पुन्हा स्नो सांगितलाय. काय करावं?

मी इथे बरीच वर्षं प्रीस्कूलमध्ये शिकवलं, आता घरीच डे-केअर चालवते. स्नो डेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना सोडायला येणाऱ्या आईवडिलांचे चेहरे ओळखीचे झालेत, त्यामुळे तुमचं वर्णन वाचून नवल वाटलं नाही.

इंटरनेटवर स्नो डेची रंगीबेरंगी टाइमटेबलं मिळतात, दर अर्ध्या तासाला एक क्राफ्ट. ती बाजूला ठेवा. चार वर्षांचं मूल टाइमटेबल पाळत नाही आणि नऊ वर्षांचं त्यावर वाद घालतं. टाइमटेबल करायचं ते तुम्हा दोघांचं. बहुतेक घरांत स्नो डेला दोघेही पालक दिवसभर अर्धे लॅपटॉपवर आणि अर्धे मुलांकडे असतात. मुलांना ते लगेच कळतं. अर्धवट लक्ष देणाऱ्या माणसाला मूल दर पाच मिनिटांनी हाक मारतं, पुरतं लक्ष देणाऱ्याला मारावी लागत नाही. म्हणून दिवसाच्या शिफ्ट करा: एका वेळी एकच जण मुलांचा, आणि तो पूर्ण मुलांचा.

तुमच्या बाबतीत तर घड्याळानेच सोय करून ठेवली आहे. हिवाळ्यात पुणे आपल्यापेक्षा साडेदहा तास पुढे. इथे सकाळचे आठ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसहा. साडेदहापर्यंत तिथे रात्रीचे नऊ वाजतात, लोक जेवायला उठतात, म्हणजे नवऱ्याचे कॉल तोवर संपलेले असतात. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुपारचे बारा. म्हणजे सकाळी उठल्यापासून साडेअकरापर्यंत आई, साडेअकरा ते चार बाबा. चारनंतर दोघांनाही काम असेल तर तेव्हा टीव्ही किंवा आयपॅड लावा आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. माझी तक्रार टीव्हीबद्दल नाही, सकाळी आठला टीव्ही लावण्याबद्दल आहे. एकदा तो सकाळी लागला की त्यापुढे बर्फसुद्धा फिका पडतो, आणि तुमच्या हातातला एकुलता एक हुकमी एक्का नाश्त्यालाच खर्च होतो.

शिफ्टवर नसलेल्या माणसाने दार लावून बसायचं. डायनिंग टेबलावर हेडफोन लावून बसलेला बाबा चार वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने रिकामाच असतो. दारावर एका बाजूने लाल आणि एका बाजूने हिरवा कागद लावा. लाल असेल तर रक्त येत असल्याशिवाय दार वाजवायचं नाही. ही ताकीद मुलीला द्या, ती भावावर तुमच्यापेक्षा कडक पहारा ठेवेल. कामावर आदल्या दिवशीच स्पष्ट कळवा की उद्या शाळा बंद राहण्याची शक्यता आहे, मी अमुक वेळेत नाही. इथले सहकारी स्वतःच त्या बोटीत असतात. पुण्याच्या आणि कॅलिफोर्नियाच्या टीमला मात्र सांगावं लागतं, कारण त्यांच्या खिडकीबाहेर ऊन असतं.

आता आदली रात्र. हवामान खात्याची ‘विंटर स्टॉर्म वॉच’ म्हणजे मोठं वादळ येण्याची शक्यता, साधारण एक-दोन दिवस आधी. ‘वॉर्निंग’ म्हणजे ते येतंय किंवा आलंय. ‘ॲडव्हायझरी’ त्यापेक्षा हलकी, पण रस्ते निसरडे होण्याइतकी. वॉच लागली की दुकानांतून दूध, ब्रेड आणि अंडी गायब होतात, तेव्हा त्याच दिवशी आणून घ्या. शाळा बंद ठेवायची की नाही हे सुपरिंटेंडंट (गावच्या सगळ्या शाळांचे प्रमुख) ठरवतात, बहुधा पहाटे, रस्त्यांची स्थिती विचारून आणि शेजारच्या गावांशी बोलून. फोन, मेसेज, ईमेल असं सगळीकडून कळतं. निरोप नीट वाचा. ‘क्लोज्ड’ वेगळं, ‘डिलेड ओपनिंग’ वेगळं (शाळा दीड-दोन तास उशिरा, आणि तेवढ्यात प्रीस्कूलचा सकाळचा वर्ग बऱ्याचदा रद्दच), आणि ‘अर्ली डिसमिसल’ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा मुलं भर स्नोमध्ये दुपारीच बसमधून उतरतात आणि त्या दिवशी आफ्टरकेअरही नसतं. बसस्टॉपवर कोण जाणार हे आधी ठरलेलं असू द्या. तुमच्या मुलाचं प्रीस्कूल खाजगी असेल तर ते गावच्या शाळेप्रमाणे बंद राहतं की स्वतःचं ठरवतं, हे आजच विचारून घ्या.

मुलगी शाळेतून एव्हाना शिकून आली असेल: स्नो डे हवा तर पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, टॉयलेटमध्ये बर्फाचे तुकडे टाकायचे. करू द्या. आजींना तर हे सगळं लगेच पटतं, असा अनुभव आहे.

रात्री करायचं काम दुसरंच आहे. दाराशी एक जुनी चादर पसरा आणि त्यावर उद्याचे सगळे कपडे मुलाप्रमाणे दोन ढिगांत लावून ठेवा. तुमची मुलं चार वेळा ओली होऊन आली त्याचं कारण इथेच आहे, म्हणून कपड्यांबद्दल जरा विस्ताराने सांगते.

आपल्याकडची सवय अशी की थंडी म्हणजे दोन स्वेटर, कानटोपी आणि दोन मोजे. इथे थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते. सुती बनियन घाम शोषून ओलं राहतं आणि अंगाला गार लागतं, जीन्स तर बर्फात बसताक्षणी भिजते. अंगाला लागून थर्मल (पॉलिस्टर किंवा लोकरीचं), त्यावर एक फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारी स्नो पँट आणि जॅकेट, बस. मोजा एकच, लोकरीचा आणि जाड. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर पायात रक्त नीट खेळत नाही आणि बोटं आणखी लवकर गार पडतात. हातमोजे पाच बोटांचे नकोत. चार बोटं एकत्र राहणारे मिटन घ्या, वॉटरप्रूफ, आणि प्रत्येकी दोन जोड, कारण पहिला जोड भिजणारच. लोकरीचे विणलेले मोजे सुंदर दिसतात, पण बर्फाचा गोळा केला की दोन मिनिटांत ओले. ते आजींच्या समाधानासाठी मिटनच्या आत घाला.

घालायचा क्रम चुकला की सगळं पुन्हा काढावं लागतं. आधी बाथरूम, प्रत्येकाने, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्यानेसुद्धा. मग मोजे, मग स्नो पँट, मग बूट. पायात बूट सरकत नसेल तर मोज्यावर ब्रेडची रिकामी प्लास्टिक पिशवी चढवा, पाय सर्रकन आत जातो आणि मोजाही कोरडा राहतो. स्नो पँटच्या पायाला आतून एक लवचीक पट्टी असते, ती बुटावरून बाहेर ओढायची. ती बुटात खोचली तर बर्फ थेट पायात. मग मिटन, आणि मिटनवर जॅकेटची बाही. लांब कफाचे मिटन असतील तर उलट, बाहीवर कफ. टोपी आणि गळ्यातला नेक वॉर्मर शेवटी. लांब मफलर चार वर्षांच्या मुलाला नको, घसरगुंडीवर आणि झोपाळ्यावर तो अडकतो.

चार वर्षांच्या मुलाला जॅकेट स्वतः घालायला शिकवा. जॅकेट जमिनीवर पसरायचं, आतली बाजू वर, हुड मुलाच्या पावलांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात दोन्ही बाह्यांत घालायचे आणि हात वर करून अख्खं जॅकेट डोक्यावरून मागे उलटवायचं. खाली येईपर्यंत ते अंगात बसलेलं असतं. माझ्याकडची तीन वर्षांची मुलंसुद्धा हे करतात. मिटन आधी घातले असतील तर मात्र जॅकेट तुम्हाला चढवावं लागेल, तेव्हा सुरुवातीला छोटे मिटन सोडून लांब कफाचेच आणा आणि ते शेवटी घाला. दोन मुलांना तयार करायला वीस मिनिटं लागतात असं धरून चला. तो वेळ फुकट गेला असं मानू नका, स्नो डेचा बराच भाग हाच असतो.

बाहेर कधी न्यायचं? वादळ चालू असताना नको. थांबल्यावर, आणि शक्यतो जेवणाआधी, म्हणजे आईच्या शिफ्टमध्ये साडेनऊच्या सुमाराला. दुसरी फेरी बाबांबरोबर दुपारी अडीच-तीनला. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि मग तापमान झपाट्याने उतरतं. दोनच फेऱ्या, असं सकाळीच जाहीर करा. ‘आत्ता आत आलो तर आज संपलं का?’ ही धास्ती नसली की मुलं निमूट आत येतात.

जाण्यापूर्वी तापमान बघाच, पण त्याच्या शेजारचा ‘फील्स लाइक’ आकडा जास्त महत्त्वाचा. शून्य फॅरनहाइट आणि ताशी १५ मैल वारा असला तर अंगाला उणे १९ इतकं गार लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. माझा स्वतःचा नियम ढोबळ आहे. फील्स लाइक ३२ फॅरनहाइटच्या (म्हणजे शून्य सेल्सियसच्या) आसपास असेल तर मुलं कंटाळेपर्यंत. २० च्या खाली गेलं तर पंधरा-वीस मिनिटं आणि गालांवर नजर. शून्य फॅरनहाइटच्या जवळ आलं तर खिडकीतून बघायचं.

बर्फ कसला पडलाय यावर खेळ ठरतो, आणि नवीन आलेल्या घरांत रडारड इथेच होते. तापमान ३२ च्या आसपास असेल तर बर्फ ओलसर, चिकट, स्नोमॅनला उत्तम. कडक थंडीतला बर्फ रव्यासारखा भुरभुरीत, त्याचा लाडू वळत नाही. तेव्हा स्नोमॅनचं वचन देऊन बाहेर नेऊ नका. त्यापेक्षा स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि खायचा रंग घाला. अंगणभर रांगोळी काढता येते. मुलगी नऊची आहे, तिच्यासाठी एक काळा कापडाचा तुकडा रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवा. बर्फ पडत असताना पोर्चमध्ये तो धरायचा आणि भिंगातून बघायचं. कापड गार असल्यामुळे कण लगेच वितळत नाहीत आणि सहा पाकळ्या स्वच्छ दिसतात. व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो घेतला आणि पुढे आयुष्यभरात असे ५,००० वर फोटो काढले, हे तिला सांगा. या वयाच्या मुलांना असल्या वेडाची माणसं फार आवडतात.

तीन ठिकाणी मुलांना जाऊ द्यायचं नाही. रस्त्याच्या कडेला प्लाऊने (बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाडीने) लावलेले ढिगारे, कारण प्लाऊ पुन्हा येतो आणि चालकाला ढिगाऱ्यात बोगदा करून बसलेलं मूल दिसत नाही. कॉम्प्लेक्सच्या मागचं तळं, ते गोठलेलं दिसलं तरी. आणि छपराच्या कडेला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांखाली. स्लेडिंगला गावच्या पार्कची टेकडी बघा जिच्या पायथ्याशी रस्ता, झाडं किंवा पाणी नाही. बसून, पाय पुढे, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. पोटावर झोपून डोकं पुढे करून नाही.

बोटं किंवा नाक बधिर झाल्याचं मूल म्हणालं की लगेच आत. गोऱ्या कातडीवर लाली आणि मग पांढरेपणा पटकन दिसतो, आपल्या सावळ्या कातडीवर तो करडा किंवा फिकट दिसतो आणि नजरेतून सुटतो, म्हणून रंगावर विसंबू नका, ‘चिमटा कळतोय का’ असं विचारा. आत आल्यावर कोमट पाण्यात हात धरायचे, आपल्या कोपराला सुखद वाटेल इतपतच कोमट. चोळायचं नाही, तेल लावून मालिश तर अजिबात नाही, आणि हीटरसमोर हात धरायचे नाहीत. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. कातडी मेणासारखी कडक झाली किंवा संवेदना परत येईना, तर डॉक्टर.

आत येतानाची शिस्त पहिल्या फेरीलाच लावा. सगळं चादरीवरच काढायचं, तिथून पुढे ओलं पाऊल नाही. बुटातलं अस्तर बाहेर काढून उभं करा, नाहीतर बूट दुपारपर्यंत वाळत नाहीत. मिटन हीटिंगच्या जाळीजवळ उलटे करून ठेवा. सुटा इलेक्ट्रिक हीटर असेल तर त्याच्यापासून कपडे, पडदे, मुलं सगळं निदान तीन फूट लांब, आणि तो एक्स्टेन्शन कॉर्डला लावू नका.

जेवण साडेअकराच्या सुमाराला, शिफ्ट बदलताना, सगळ्यांनी एकत्र. बर्फातून आलेलं मूल भुकेलेलं असतं आणि गरम ताट पुढे आलं की त्याचा पारा उतरतो. मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार, पापड. त्या दिवशी यापेक्षा अवघड काही मांडू नका. भाजणी घरात असेल तर नाश्त्याला थालीपीठं करा आणि मुलाला एक उंडा थापायला द्या. भोकं पाडण्याचं काम त्याचंच. त्याचं थालीपीठ नकाशासारखं होईल, पण तो ते खाईल. सार थर्मासमध्ये भरून ठेवलं की दुपारच्या फेरीनंतर चूल पुन्हा पेटवायला नको.

आणि बर्फाचा गोळा करायचाच. स्नो सुरू होऊन चांगला तासभर झाला की, तो पडत असतानाच, एक स्वच्छ पातेलं उघड्यावर, झाडाखाली किंवा छपराखाली नाही असं, ठेवा. त्यात पडेल तोच बर्फ वापरायचा, जमिनीवरचा नाही. पेल्यात भरून वर कोकम सरबताचा अर्क किंवा रोझ सिरप. व्हरमाँटमध्ये लोक ताज्या बर्फावर मेपलचा उकळता पाक ओततात, आपण कोकम ओतायला काय हरकत आहे? माझ्याकडे येणारी अमेरिकन मुलं हल्ली मेपल सोडून तेच मागतात.

बाबांच्या शिफ्टमध्ये जेवणानंतर एक तास शांततेचा. मुलगा झोपला तर उत्तम, नाहीतर खोलीत पुस्तकं घेऊन पडून राहायचं. मुलीनेही. तिला वाटेल ही शिक्षा आहे. तिला सांगा की हा तास तिचा एकटीचा आहे आणि भाऊ तिच्या खोलीत येणार नाही. स्नो डेची भांडणं बहुतेक दुपारी तीनच्या पुढे होतात, आणि ज्या घरांत हा तास पाळला जातो तिथे कमी होतात.

दुपारी बाहेर जाण्यासारखी हवा नसेल तर बर्फ आत आणा. एक मोठा प्लास्टिकचा टब जाड टॉवेलवर ठेवा, निम्मा बर्फाने भरा, मुलाच्या हातात मिटन चढवा आणि पळी, गाळणी, वाट्या, झारा द्या. खाऱ्या पाण्याची एक वाटी आणि रंगीत पाण्याची एक. मीठ पडलं तिथे बर्फ खचतो, रंग त्या भोकातून खाली उतरतो. चार वर्षांचं मूल यात सहज पाऊण तास रमतं, आणि खेळ संपल्यावर टब सिंकमध्ये ओतला की झालं. बहिणीला त्याच बर्फाचं गणित द्या. उंच सरळ पेला चमच्याने, न दाबता भरायचा, पट्टीने उंची मोजायची, ओट्यावर ठेवून द्यायचा. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं असं धरतात, पण ओल्या बर्फाचं जास्त आणि भुरभुरीत बर्फाचं बरंच कमी. तिने आधी अंदाज लिहायचा. प्रत्येक वादळाचं एक पान वहीत केलं तर मार्चपर्यंत चांगला तक्ता होतो.

आजी-आजोबा घरात आहेत हे तुमचं भाग्य, पण त्यांना दिवसभराच्या पाळणाघराला जुंपू नका. त्यांना एक ठरावीक तास द्या, आणि तो पत्त्यांचा असू द्या. आजोबा, आजी आणि नात म्हणजे बरोबर तीन माणसं, पाच-तीन-दोनला आणखी काय लागतं. धाकट्याला आजीच्या मांडीवर बसवून ‘हुकूम कुठला’ हे ओरडायचं काम द्या.

आजोबांच्या हातात शव्हल (बर्फ उपसायचं फावडं) मात्र देऊ नका. हे मी कळवळून सांगते. भारतातून आलेल्या आजोबांना बर्फ बघून हुरूप येतो, मुलगा मीटिंगमध्ये आहे तोवर आपण ड्राइव्हवे साफ करून टाकू असं वाटतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, त्यात ओला बर्फ जड, आणि माणूस तो उचलताना श्वास रोखून धरतो. दर हिवाळ्यात शव्हल करताना लोकांना हार्ट अटॅक येतात. साठीच्या पुढचे, बीपीचे, मधुमेहाचे लोक यातून पूर्ण बाहेर. तुम्ही स्वतः करताना उचलण्यापेक्षा ढकला, पडता पडताच दोन-तीन वेळा थोडं थोडं काढा. जमत नसेल तर शेजारच्या हायस्कूलमधल्या मुलांना पैसे द्या. न्यू जर्सीत २०१६ पासून कायदाच आहे की स्नोचा अंदाज असेल तेव्हा आधीच्या चोवीस तासांत अशी मुलं परवान्याशिवाय दारोदार विचारायला येऊ शकतात; गाव त्यांना अडवू शकत नाही. फुटपाथ किती तासांत मोकळा करायचा याचा प्रत्येक गावाचा नियम वेगळा, तो गावाच्या साइटवर मिळेल. साधं मीठ साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, त्यापेक्षा जास्त थंडी असेल तर कॅल्शियम क्लोराइडचं आणा. आजी-आजोबांना डिलिव्हरीचं पाकीट आणायलासुद्धा पायरीवर एकटं पाठवू नका, काळ्या डांबरावरचा पारदर्शक बर्फ त्यांना ओळखू येत नाही.

लाइट जाण्याची तयारी एकदाच करून ठेवा. न्यू जर्सीतली जुनी माणसं २९ ऑक्टोबर २०११ ची आठवण काढतात: झाडांवर पानं असतानाच ओला स्नो पडला, फांद्या तारांवर कोसळल्या, लाखो घरांची वीज गेली आणि काही भागांत ती कित्येक दिवस आली नाही. भारतातून आलेल्यांचा एक गैरसमज असतो की आपलं हीटिंग गॅसवर आहे, लाइट गेली तरी घर गरम राहील. फर्नेसचा (घर तापवणाऱ्या यंत्राचा) पंखा आणि कंट्रोल विजेवरच चालतात, त्यामुळे तेही बंद पडतं. त्या वेळी सगळ्यांनी एका खोलीत जमायचं, दाराच्या फटीला टॉवेल लावायचा, नळ बारीक धारेने चालू ठेवायचे आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची म्हणजे पाइप गोठत नाहीत. फ्रिज उघडू नका, बंद फ्रिजमध्ये अन्न साधारण चार तास टिकतं, भरलेला फ्रीझर दोन दिवस.

घर गरम करायला ओव्हन किंवा गॅसच्या शेगड्या पेटवून ठेवू नका. कोळशाची ग्रिल घरात किंवा गराजमध्ये आणू नका, दार उघडं असलं तरी. जनरेटर असेल तर घरापासून निदान २० फूट लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखायला आणि मळमळायला लागलं तर आजारपण समजून झोपू नका, सगळ्यांनी बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे पांढरे पाइप बाहेर येत असतील तर त्यांच्यापुढचा बर्फ सकाळी पहिल्यांदा काढा. गाडीचंही तसंच, मुलांना गरम गाडीत बसवण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा आहे ना बघा. गाडीच्या टपावरचा बर्फही काढावा लागतो, नाहीतर न्यू जर्सीत दंड आहे, २५ ते ७५ डॉलर. ते काम नऊ वर्षांच्या मुलीला ब्रश देऊन बाबांच्या देखरेखीखाली आवडीने करता येतं.

वादळानंतरची सकाळ बहुधा डिलेड ओपनिंगची असते. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी पहाटेपर्यंत पुन्हा गोठलेलं असतं आणि बसस्टॉपवर ढिगाऱ्यांमुळे मुलं रस्त्यावरच उभी राहतात, म्हणून त्या दिवशी मोठ्या माणसाने बरोबर जावं. स्नो पँट आणि बूट दप्तराबरोबर द्या, आणि शाळेत घालायचे साधे बूट वेगळे.

तुमच्या बहिणीची मुलं क्वीन्सला आहेत असं लिहिलंय, त्यांना स्नो डे का नसतो हेही विचारलंय. न्यू यॉर्क शहराने हल्ली अशा दिवशी बहुधा ऑनलाइन वर्ग घेण्याचं धोरण ठेवलंय (१३ फेब्रुवारी २०२४ ला तसं केलं तेव्हा कित्येक घरांत सकाळी लॉगिनच होईना). न्यू जर्सीत वर्षाला १८० दिवस शाळा भरवावी लागते, आणि एका दिवसाच्या स्नोसाठी ऑनलाइन वर्ग घेऊन तो दिवस त्यात धरता येत नाही. त्यासाठी आणीबाणी जाहीर होऊन सलग तीनपेक्षा जास्त दिवस शाळा बंद राहावी लागते. म्हणून गावं कॅलेंडरमध्ये काही स्नो डे आधीच धरून ठेवतात, आणि ते संपले की स्प्रिंग ब्रेक कापतात किंवा जूनमध्ये दिवस वाढवतात. तुम्ही उन्हाळ्यात पुण्याला जाणार असाल तर शाळेच्या कॅलेंडरवरचा शेवटचा दिवस बघून दुसऱ्याच दिवशीची तिकिटं काढू नका. मध्ये एक आठवडा सोडा, किंवा मार्च संपेपर्यंत थांबा.